यान्बूचे मिनिस्टरसाहेब

सौदीतल्या यान्बूच्या कामगार कॅम्पात रत्नाकर गुप्त्यांना सगळे मिनिस्टरसाहेब म्हणत. ते मंत्री कधीच नव्हते. कॅनडात, मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत ते आठ वर्षं आमदार होते, पण हा फरक समजावून सांगायचा नाद त्यांनी सोडून दिला होता.

नाशिकचा हा पाणी शुद्धीकरणाचा इंजिनिअर पंचविसाव्या वर्षी तिकडे गेला, आणि पुढे गोऱ्या शेतकऱ्यांच्या तालुक्यात, बर्फात घरोघर फिरून दोनदा निवडून आला. दुसऱ्या खेपेला त्यांच्या पक्षाने छोटी हॉस्पिटलं बंद करायचा ठराव आणला. त्यात त्यांच्याच मतदारसंघातलं एक होतं.

"अहो, तुम्हाला त्या लोकांनी निवडून दिलंय," त्यांची बायको सुहासिनी म्हणाली होती.

त्यांनी पक्षाच्या बाजूने मत दिलं. पुढच्या प्रचारात एका शेतकऱ्याने दार उघडलं, म्हणाला, "माझी आई अँब्युलन्समध्ये गेली, वाटेतच," आणि दार लावून घेतलं. गुप्ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. आठ वर्षं कामापासून तुटलेल्या, पंचावन्नच्या इंजिनिअरला तिकडे कोणी उभं करेना. शेवटी यान्बूला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते मॅनेजर झाले. सुहासिनी मुलीजवळ, इराजवळ, विनिपेगला राहिली.

सहा वर्षं बरी गेली. मग म्हातारा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर सगळ्यांचे व्हिसे होते तो मालक, वारला आणि कंपनी त्याच्या मुलाकडे, फहादकडे आली. सौदीकरणाचे नियम कडक होत होते. कंपनीत पुरेसे सौदी नव्हते म्हणून ती लाल यादीत गेली आणि तिच्या माणसांचे इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, नवे होणं थांबलं. गुप्त्यांचा इकामा २०१८च्या जूनमध्ये संपला. इकामा नाही म्हणजे देश सोडायचा परवाना, एक्झिट, नाही. आणि जुलैत सुहासिनीच्या स्वादुपिंडात कॅन्सर सापडला.

ऑगस्टमध्ये कॅनडाचं आणि सौदीचं बिनसलं, सौदीने कॅनडाच्या राजदूतालाच परत पाठवलं. वकिलातीतल्या बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, पत्रंही लिहिली. पण एक्झिट कफीलच देऊ शकत होता.

त्या आठवड्यात फहादने त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्टर रत्नाकर, आपल्याकडे परदेशी माणसं फार आहेत. ती कमी झाली की कंपनी लाल यादीतून बाहेर. तुमचा इकामा लगेच, मग एक्झिट." त्याने एक कागद पुढे सरकवला. अकरा नावं होती. सगळ्यांवर हुरूब, म्हणजे कामावरून पळून गेल्याची तक्रार.

"हे पळालेले नाहीत. आत्ता बाहेर पंप उघडून बसलेत."

"कागदावर पळाले. मॅनेजर म्हणून तुमची सही लागेल."

हुरूब लागला की माणूस त्या क्षणी बेकायदा होतो. दिसेल तिथे पोलीस धरतात, आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवता येत नाही. पहिलंच नाव हनीफ मुकादमचं होतं. दापोलीचा हा फोरमन सहा वर्षं त्यांच्याबरोबर एका ताटात जेवत होता.

गुप्ते कागद घेऊन खोलीवर आले. विनिपेगचा फोन आला. इराने नेहमीसारखं इंग्रजीत सांगितलं, डॉक्टर आता महिने नाही, आठवडे म्हणताहेत. मग सुहासिनीचा आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक.

"अहो, येताय ना?"

"येतोय."

फोन ठेवून त्यांनी सही केली.

रात्री हनीफ भात आणि तळलेला मासा घेऊन आला. कागद टेबलावरच होता. त्याने आपलं नाव वाचलं, खालची सही पाहिली, आणि ताट खाली ठेवलं.

"द्या साहेब कागद फहादला, एक्झिट मिळेल. भाभी वाट बघतायत."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. आमिनाचं बाळंतपण आहे नोव्हेंबरात. नाहीतरी जाणारच होतो."

खोटं होतं. बायकोला, आमिनाला, इकडे आणायच्या व्हिसासाठी त्याने आठवड्यापूर्वीच त्यांच्याकडून पत्र लिहून घेतलं होतं. गुप्त्यांना वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद फाडला.

दुसऱ्या सकाळी ते अकरा जणांचे हजेरीचे कागद घेऊन लेबर ऑफिसात गेले आणि खोटा हुरूब लागणार असल्याची लेखी तक्रार दिली. मग गाडी चालवणाऱ्या हनीफला म्हणाले, "आता जवाजातला घे."

जवाजात म्हणजे पासपोर्ट ऑफिस. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी सांगितलं, "माझा इकामा संपलाय. मला धरा आणि देशाबाहेर काढा." तो हसला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने शिपायाला हाक मारली.

हनीफ म्हणाला, "साहेब, ह्यात किती दिवस जातील कोण सांगणार?"

"दुसरा रस्ता नाही, हनीफभाई. हद्दपारीला कफीलची सही लागत नाही."

हद्दपारीच्या केंद्रात त्यांचे सत्तावीस दिवस गेले. एका हॉलमध्ये दीडशे माणसं. तिथेही ते बसल्या बसल्या लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. आठवड्यातून एकदा फोन मिळे. तिसऱ्या शुक्रवारी इरा इंग्रजीत बोललीच नाही.

"बाबा, आई गेली."

ते विनिपेगला पोचले तेव्हा सगळे विधी उरकले होते.

तक्रारीची चौकशी झाली. आठ जणांना दुसरे कफील मिळाले, तिघांना घरी जावं लागलं. त्या तिघांत हनीफ होता. नोव्हेंबरात दापोलीहून त्याचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. कामाचं विचारलं तर म्हणाला, "बघतोय."

फोनवर निघालेलं त्या कागदाचं बोलणं इराने ऐकलं होतं. त्या संध्याकाळी तिने विचारलं, "तुम्ही तो कागद दिला असता, तर वेळेत आला असता?"

खोटं सांगावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"हो. दोन आठवडे तरी मिळाले असते."

इरा उठली. कपाटातून तिने आईच्या औषधांच्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून पिशवीत भरायला लागली. गुप्ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिने त्यांना मदतीला बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही.