शिसोची लाल पानं

सुझूच्या कोपरांच्या आतल्या बाजूला खाज उठली की पोरगी रक्त येईपर्यंत खाजवायची. शाळेत पोहण्याचे वर्ग सुरू झाले होते आणि ती एकटीच टॉवेल गुंडाळून काठावर बसायची. तोमिएआजीला ते बघवत नव्हतं.

"परसातल्या लाल शिसोच्या पानांचा रस लाव म्हणते मी," ती सुनेला म्हणाली. "माझ्या लहानपणी अंगावर पित्त उठलं, की आई ओंजळभर पानं खुडून आणायची. अजून तो वास नाकात आहे. तेव्हा कुठे होत्या तुमच्या मलमाच्या नळ्या?"

"आई, डॉक्टरांना विचारलं मी," कानाए म्हणाली. "त्या पानात सूज उतरवणारं काहीतरी आहे म्हणाले, पण ते तपासलंय उंदरांवर. फुटलेल्या कातडीला लावू नका, असं बजावलंय."

"म्हणजे उंदीर बरे होणार, नि माझी नात खाजवत बसणार!"

रविवारी कानाए बाजारात गेली, तशी आजी परसात उतरली. पानं खुडली, धुतली आणि कुस्करायला बसली. दर उन्हाळ्यात उमे या आंबट फळांच्या खारवलेल्या लोणच्यासाठी हीच पानं चोळण्यात तिचा जन्म गेला होता. हात आपल्या वळणाने चालले. जांभळा रस सुटला. तिने तो फडक्यातून पिळला आणि सुझूच्या कोपरावर थापला.

पोरगी अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आग होतेय, आजी! काढ, काढ ना!"

तोमिएने बोट जिभेला लावलं. खारट! लोणच्याच्या सवयीने मूठभर मीठ पडलं होतं, आणि ते कधी घातलं हे तिचं तिलाच आठवेना.

कानाए परतली, तेव्हा आजी नातीचा हात नळाखाली धरून उभी होती. सुनेने पिशवी खाली ठेवली, पोरीचा हात टिपला आणि मलम लावलं.

"मिठामुळे झालं गं," तोमिए म्हणाली. "पानाचा काय दोष? बिनमिठाचा करून बघू."

"आई, पुरे आता."

"एकदाच. चमचाभर."

सुझूने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आई, आजीला सांग, मला हात लावायचा नाही."

तोमिए तडक परसात गेली. पान गुणाचं की नाही, हे आता या घरात कधीच कळणार नव्हतं. रागाच्या भरात तिने शिसोचं एक झाड मुळासकट उपटलं, आणि ते कुठे टाकावं हे न सुचून हातात धरून तशीच उभी राहिली.