बटणांच्या डब्याशेजारचा डबा

शिवणवाल्या काकूंच्या घरात काही वाया जात नसे. चिंध्यांची पायपुसणी व्हायची, जुन्या शर्टांची बटणं डब्यात जायची. त्या डब्याशेजारी दुसरा डबा होता, गोळ्यांचा. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा. उरलेल्या गोळ्या डब्यात! मग काकांचा घसा धरला, की काढ डबा. शेजारीणही हक्कानं यायची, "काकू, ती पिवळी आहे का हो?" काका थट्टेनं म्हणायचे, "आमची डॉक्टरीणबाई!" काकूंनाही ते आवडायचं. आणि तुम्ही हसू नका, तुमच्याही कपाटात असा एखादा डबा निघेल.

आता तेच काका हॉस्पिटलच्या पलंगावर तापानं फणफणत होते. ऑपरेशन साधं होतं, लघवीच्या त्रासाचं. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलाय. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. ताप आल्यापासून काकू चार दिवस स्टुलावर बसून होत्या. पाय सुजले होते, अंबाडा सुटला होता, आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुपारी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर रिपोर्ट घेऊन आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या काकूंशेजारी टेकल्या.

"काकू, काकांच्या रक्तातला जंतू वाढवून त्यावर एकेक औषध घालून पाहिलं. ही त्यांची यादी. यातलं एकच औषध त्याला मारतंय. बाकीच्यांना तो दाद देत नाही."

काकूंनी चष्मा लावला. यादीतली तीन नावं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. पाकिटावरून वाचून वाचून पाठ झालेली!

"सिस्टर, ही तर आमच्या डब्यातली..." आणि काकूंनी डब्याची सगळी कथा सांगितली. "म्हणजे मीच का हो हे केलं?"

सिस्टरनी रिपोर्टाची घडी घातली.

"तसं छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. जंतू इथलाही असेल. गडबडीत आमच्यापैकी कुणी हात न धुता काकांच्या लघवीच्या नळीला हात लावला असेल. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही, काकू. पण असे डबे घरोघर आहेत. गरज नसताना ही अँटिबायोटिकची, म्हणजे जंतू मारायची गोळी घेतली, मनानं सुरू केली, मनानं सोडली, की लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे मागे राहतात. त्यांचीच पिलावळ वाढते. मग माणूस खरंच आजारी पडला की डॉक्टरांचा हात रिकामा. गेल्या महिन्यात याच पलंगावरच्या आजींना एकही औषध लागू पडलं नाही."

"साध्या सर्दीलाही मी हीच द्यायचे हो!"

"सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ही औषधं चालतच नाहीत, काकू."

काकूंनी डोळे मिटले. इतकी वर्षं आपण काटकसर केली म्हणून मिरवलं, आणि ज्याच्यासाठी केली तो माणूस हा असा पडलाय! त्या मनातून फार शरमल्या.

उरलेलं ते एकमेव औषध सुरू झालं. मूत्रपिंडांना जड, म्हणून रोज रक्त तपासायचं. तीन दिवस काकूंनी नुसतं सलाइनच्या थेंबांकडे पाहत काढले. चौथ्या दिवशी सकाळी काकांच्या कपाळाला घाम आला आणि अंग निवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

या औषधाच्या आठव्या दिवशी काका उठून बसले. "अगं, ताप गेला, भूक लागली. उरलेल्या सुया कशाला? सोड म्हणावं, घरी जाऊ."

अगदी हेच काकू वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. पाठ मोडली होती, घर आठवत होतं. तरी त्या उठल्या आणि काकांचा हात सुईसाठी सरळ धरला.

"डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितलेत. ते सोडतील तेव्हाच सुटायचं. तुमची डॉक्टरीणबाई तो रिपोर्ट आला त्या दिवशीच रिटायर झाली."

घरी आल्यावर काकूंनी डबा हॉस्पिटलच्या औषध खिडकीवर नेऊन रिकामा केला. दुसऱ्याच दिवशी शेजारीण पोरीला घेऊन दारात. "काकू, पोरीला ताप आहे, ती पिवळी..."

"नाही गं बाई. डॉक्टरकडे ने. त्यांनी गोळी नको म्हटलं, तर हट्ट धरू नकोस. दिली, तर ते सांगतील तितके दिवस दे, आणि कुणाला वाटू नकोस."

"एका गोळीनं काय होतंय, काकू?"

काकू बाजूला सरल्या. आत काका भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत न्हाणीघराकडे चालले होते.

"हे होतं," काकू म्हणाल्या.

शेजारणीनं पोरीला डॉक्टरकडे जायला चपला घालायला सांगितलं. मंडळी, असं औषध ही एकट्याच्या कपाटातली वस्तू नाही, ती सगळ्यांची मिळून शिल्लक आहे. आज आपण उधळली, तर उद्या आपल्याच माणसाच्या उशाशी काही उरायचं नाही!