काठावरचे दोन खळगे

मी एक जुना तंदूर आहे, मित्रांनो. ताजिकिस्तानातल्या एका डोंगरी गावात, सदबर्गच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली बसलेला. पिवळ्या मातीत बकरीचे केस तुडवून मला घडवलं, त्याला तीस वर्षं झाली. सदबर्ग तेव्हा या घरात नवी सून होती. माझ्यातली रोटी गावभर नावाजलेली. खोटं कशाला सांगू, कौतुक ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

मला एकच काम ठाऊक, खायला घालायचं. म्हणून तर यंदा माझी मतीच गुंग झाली. मलाच कुणीतरी खात होतं!

खाणारी होती सवसन, सदबर्गची सून. नवरा रशियात कामाला, वर्षाचं पोर कडेवर आणि दुसऱ्या खेपेचा सातवा महिना. सगळ्यांना वाढून झालं की उरलेली रोटी ती चहात बुडवून खायची. तिची पाळी येईपर्यंत भांड्यात मांस उरायचंच नाही, नुसता रस्सा. मग ती माझ्यापाशी यायची आणि काठाचा तुकडा मोडून गपकन तोंडात टाकायची. काठाला खळगा पडला. सदबर्गने त्यापायी बिचाऱ्या शेळीला बदडलं. मी काय बोलणार?

एका सकाळी सदबर्गने सुनेला रंगेहाथ पकडलं. आता ही कडाडणार, म्हणून मी धास्तावलो. तर ती चक्क हसली. "डोहाळे गं हे. मीही खाल्लीय," म्हणाली, आणि माझ्या काठाचा एक खरपूस तुकडा स्वतः मोडून सुनेच्या हातावर ठेवला. मला बरं वाटलं. भुकेलीला खाऊ घालणं वाईट कसं असेल?

पण सवसनचा चेहरा फिका पडत गेला. आठच दिवसांत रोटी लावता लावता ती माझ्यावर कोसळली. आत निखारे धगधगत होते. सदबर्गने वेणी धरून मागे खेचलं, म्हणून तोंड वाचलं.

दवाखान्यातली सुईण हुरिनिसो धावत आली. तिने सवसनच्या ओठावरची माती पाहिली, खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक.

"रक्तच नाही हिच्यात, सदबर्ग. अशीच बाळंत झाली तर हातची जाईल. मातीने रक्त वाढत नाही, उलट अन्नातलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. गोळ्या चालू कर, ताटात मांस घाल. आणि चहा जेवणासोबत नको, तासाभराने दे."

"पण मी तर खाल्ली होती," सदबर्ग पुटपुटली.

"आणि तुझी पहिली दोन बाळं? ती का गेली?"

सदबर्ग माझ्या मागच्या बाजूला आली. तिथे काठाला लिंपणाखाली एक जुना खळगा आहे, तिच्याच बोटांनी पाडलेला. त्यावर हात ठेवून म्हणाली, "माझी पापणी कुणी ओढून पाहिलीच नाही गं."

त्या दिवशी मटणातल्या काळजाचा पहिला तुकडा तिने स्वतःच्या नवऱ्याच्या आधी सुनेला वाढला.

मित्रांनो, माझा गोंधळ अजून सुटलेला नाही. माझ्यावर राबणाऱ्या दोघींना मी पोटभर माती दिली आणि उपाशीच ठेवलं. तुमच्या घरात कुणी चोरून माती खाताना दिसली, तर हसू नका, रागावूही नका. आधी तिला दवाखान्यात न्या.

सवसनचे अजून दोन महिने जायचेत. काल तिने रोटी लावली, आणि माझ्या काठाला हात लावला नाही.