उम्म-गाफवरचं काळं कापड

तह झाला त्या दिवशी शेख जब्रला आपली मोहर कागदावर उठवताना भलताच त्रास झाला. मोहर अंगठीवर, अंगठी उजव्या हाताच्या बोटात, आणि बोट वयाप्रमाणे सुजलेलं. तेल लावून झालं, साबण लावून झालं, अंगठी काही निघेना. शेवटी इंग्रजांच्या दुभाष्याने, बुशहरच्या मिर्झा कुर्बानने, त्याचा अख्खा हातच धरून कागदावर दाबला.

"झालं," मिर्झा म्हणाला, "आता शेखसाहेब हातासकट आमचे."

सगळे हसले. जब्रही हसला. त्याची थोरली बहीण वदहा पडद्याआड कॉफीचे दाणे भाजत होती, ती तेवढी हसली नाही.

कागदात मजकूर फार नव्हता. उम्म-गाफ बेटाच्या लोकांनी समुद्रावर कुणाशी लढायचं नाही, दुसऱ्या कुठल्या सरकारला बेटावर थारा द्यायचा नाही आणि गढीवर तांबडं-पांढरं निशाण लावायचं. बदल्यात इंग्रज बेटाचं रक्षण करणार. समोरच्या किनाऱ्यावर मुतलक नावाचा शेख होता. त्याने असाच कागद तुर्कांशी केला होता आणि तुर्कांनी त्याला चाळीस बंदुका आणि छातीवर लावायला एक बिल्ला दिला होता. दोन्ही सरकारं एकमेकांना वाकून मुजरे करायची आणि मधल्या मधे माना आमच्या आवळायची.

आमच्यात रक्षण कागदावर होत नाही. माणूस उजवा हात आपल्या तोंडावर ठेवतो आणि म्हणतो, 'हे माझ्या तोंडावर.' एवढं बोलला की तो बांधला गेला. शब्द पाळला तर त्याच्या नावाने चारचौघांत पांढरं कापड उंच चढवतात, मोडला तर काळं. ज्याच्या नावाने काळं चढलं त्याला कुणी कॉफी देत नाही, त्याच्या सलामाला उत्तर देत नाही. तो शेख असला तरी नाही. ते उतरवायचं असेल तर त्याने शत्रूच्या रक्ताने नाहीतर स्वतःच्या रक्ताने तोंड धुवायचं. वदहा याच हवेत वाढली होती आणि तिला दुसरं काही माहीत नव्हतं.

तहाला सहा महिने झाले आणि एका सकाळी मुतलकची सात गलबतं दिसली. वदहाचा नवरा दुऐज नाखवा होता. त्याच्या गलबतावर दोन तोफा होत्या आणि बेटावर दुसऱ्या तोफा नव्हत्या. तो धावत गढीत आला.

"अरे जब्र, ओहोटी लागलीय. त्यांची गलबतं वाळूत रुततायत. आत्ता निघालो तर एकालाही किनाऱ्याला लागू देत नाही."

"समुद्रावर लढायचं नाही, दुऐज. मी मोहर उठवलीय."

"मोहर तुझी, आणि मान कुणाची जाणार?"

"इंग्रजांचं जहाज पलीकडच्या बेटाला आहे. मी होडी पाठवलीय. तू तोफा उतरव. तुझ्याकडून एक गोळा सुटला तर तेच आपल्याला चाचे म्हणतील."

दुऐज तोफा उतरवायला हलेना. तेव्हा जब्रने अंगठीचा हात तोंडावर ठेवला आणि म्हणाला, "हे माझ्या तोंडावर." वदहाने हे दारात उभं राहून आपल्या कानांनी ऐकलं. दुऐजनेही ऐकलं आणि जाऊन तोफा उतरवल्या.

भरती आली तशी मुतलकची माणसं उतरली. दुपारपर्यंत त्यांनी पंधरा जण मारले. आमची गलबतं एकेक करून पेटवली, आत डांबर होतं, ती तासाभरात पाण्यापर्यंत जळाली. मरझूक नावाचा पाणबुड्या दुऐजचा जिवाचा दोस्त होता, त्याचा कान कापून त्याच्याच हातात दिला. दुऐज विहिरीपाशी नुसती सुरी घेऊन उभा राहिला. पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेत, आणि तो कठड्यावर पोटावर पडला तेव्हा तिसरा उगाच घातला. वदहा भिंतीआडून बघत होती. तिने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला होता, तो तिला संध्याकाळी दिसला. गढीची दारं जब्रने बंद करून घेतली होती म्हणून आतले वाचले.

इंग्रजांचं जहाज चौथ्या दिवशी आलं.

कप्तान तरुण होता, नाकाची सालं निघालेला. त्याने बैठकीत बसून तीन पेले कॉफी घेतली. मग वदहा पडदा सारून बाहेर आली. असं ती कधी आली नव्हती. तिने दुऐजचा सदरा कप्तानाच्या पुढ्यात ठेवला. रक्त वाळून तो कडक झाला होता.

"याचं काय करणार, ते विचार त्याला," ती मिर्झाला म्हणाली.

कप्तान बराच वेळ बोलला. मिर्झाने घसा साफ केला. "कप्तानसाहेबांना फार दुःख झालंय. पण कागदात समुद्रावरच्या लढाईचं लिहिलंय, बाई. तुमची माणसं जमिनीवर मेली."

"म्हणजे पाण्यात मेली असती तर?"

"मग गोष्ट निराळी होती."

मरझूक दारात बसला होता, डोक्याला फडकं गुंडाळून. "सांग त्यांना," तो म्हणाला, "पुढच्या वेळी आम्ही मरायला गळाभर पाण्यात जाऊन उभे राहू. बेटावर म्हातारे आहेत, त्यांना हात धरून नेऊ."

मिर्झाने ते भाषांतर केलं नाही. "शिवाय मुतलकच्या गलबतांवर तुर्कांचं निशाण होतं. सुलतानाशी आमच्या राणीसाहेबांचं सध्या बरं चाललंय. मुंबईला पत्र धाडलंय. उत्तर येईल."

"कधी?"

"दोन महिने. वारा असेल तसं."

वदहाने भावाकडे बघितलं. जब्र रिकाम्या पेल्यात बघत होता, तळाशी काही लिहिलं असावं तसा.

"मला एकच विचारायचंय," ती मिर्झाला म्हणाली. "दुऐजचं रक्त हा कप्तान आपल्या तोंडावर घेतो की नाही?"

मिर्झा आमच्या लोकांत तीस वर्षं वावरलेला. त्याचा चेहरा उतरला. "बाई, हा प्रश्न मी विचारणार नाही."

कप्तान जहाजावर परतला. वदहा अंगणातल्या डोलकाठीपाशी गेली. मरझूकने दोर सोडला. तांबडं-पांढरं निशाण खाली आलं, तिने त्याची नीट घडी घातली आणि होडीतून कप्तानाकडे पाठवून दिली. मग अंगावरची काळी अबाया काढून दोराला बांधली. भर उन्हात ती घरातल्या झग्यावर उभी होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे वर बघत होते.

आमची चूक झाली ती इथे. ज्याच्या नावाने काळं चढतं तो एक तर हिशेब चुकता करायला येतो, नाहीतर मान खाली घालून निघून जातो आणि पुन्हा त्या गावात दिसत नाही. दुसरं काही कुणी कधी केलं नव्हतं. जहाजालाही तोंड असतं, असं आम्ही धरून चाललो.

तासाभरात मिर्झा होडीतून आला, पण किनाऱ्यावर उतरला नाही. "कप्तानाला मी सगळं नीट समजावून सांगितलं," तो ओरडून म्हणाला. "या कापडाचा अर्थ त्यांना कळला. ते म्हणतात, तुमच्या रिवाजाशी आम्हाला कर्तव्य नाही. निशाण उतरवलं म्हणजे तह मोडला. दुपारच्या नमाजापर्यंत ते पुन्हा वर चढलं पाहिजे, एकवीस बारांच्या सलामीसकट. नाहीतर गढी राहणार नाही."

"बार कशाने काढू?" मरझूक म्हणाला. "दोन तोफा होत्या, त्या तुमच्या कागदाने उतरवल्या आणि मुतलकने नेल्या. टाळ्या वाजवल्या तर चालेल का, विचार."

वदहाने बायकापोरांना आणि म्हाताऱ्यांना टेकडीपलीकडे पिटाळलं. जब्र गढीतून बाहेर आला तेव्हा अंगणात ती आणि मरझूक दोघंच होते. चार दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"उतरव, वदहा. तो खरंच गोळे टाकेल."

"माहीत आहे."

"इंग्रजाला लाज आहे का? कुणासाठी लावलंयस हे?"

"तू विचारतोस?"

जब्रने वर कापडाकडे बघितलं.

"दुऐजने तोफा कुणाच्या तोंडावर उतरवल्या, जब्र? त्या कप्तानाच्या? त्याचं नावसुद्धा दुऐजला ठाऊक नव्हतं."

"मला वाटलं, ते येतील. देवाशपथ, मला वाटलं येतील."

"मलाही वाटलं. पण हात तू ठेवला होतास. परक्याच्या नावाने काळं चढवलं तर मला काय त्याचं? पण तुला मी कडेवर वाढवलंय. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. तुझ्या नावाने हे चढवताना माझे हात गळून गेले, तुला नाही कळायचं."

जब्रने डोलकाठीवर हात टेकला. "मी हे उतरवलं तर?"

"तो थांबेल. तू जगशील. मी तुझ्या हातची कॉफी पिणार नाही, एवढंच."

"आणि नाही उतरवलं तर?"

त्याने उतरवावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याने उतरवू नये, असंही तेवढंच वाटत होतं, आणि याबद्दल तिला स्वतःची भीती वाटली.

जब्रने कमरेचा पट्टा सोडला, डोलकाठीला पाठ लावली आणि पट्ट्याने स्वतःला काठीशी करकचून बांधून घेतलं. "पाय पळतील," तो म्हणाला, "त्यांचा भरवसा नाही. मरझूक, हिला घेऊन टेकडीआड जा."

वदहा टेकडीआड गेली नाही. विहिरीपर्यंत गेली आणि दुऐज पडला होता त्या कठड्याआड बसली. मरझूकही बसला.

पहिला गोळा उथळ पाण्यात पडला आणि मेलेल्या माशांचा पाऊस झाला. दुसऱ्याने गढीचं दार चौकटीसकट आत गेलं. तिसरा, चौथा, पाचवा. बुरूज बसला, धान्याची कोठी पेटली, बांधून ठेवलेली गाढवीण अर्धी भिंतीवर आणि अर्धी अंगणात पडली. वदहा दर गोळ्याला मान वर काढून डोलकाठीकडे बघत होती. जब्र उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. सातवा गोळा अंगणात फुटला.

धुरळा बसायच्या आत ती रांगत त्याच्यापाशी पोचली. पट्ट्याने तो अजून उभाच होता. पोट उघडं पडलं होतं आणि उजवा हात कोपरापासून नव्हता. तोंड मात्र धड होतं, वरून खाली रक्ताने भिजलेलं.

"धुतलं का गं?" त्याने विचारलं.

"धुतलं, राजा. स्वच्छ धुतलं."

तिने पट्टा कापला तेव्हा तो मेलेला होता. ती रडली नाही, कारण अजून काम होतं. मरझूकने अबाया उतरवली, तिने ती भावावर पांघरली. मग त्याच्या डोक्याचा पांढरा रुमाल घेतला, एक कोपरा लाल झाला होता, आणि मरझूक मोडक्या काठीवर चढून तो बांधून आला. तोफा थांबल्या. दगडमातीत शोधताना वदहाला एक वस्तू सापडली. तिने ती आपल्या ओढणीत गुंडाळून मरझूकच्या हाती दिली आणि काय करायचं ते सांगितलं.

कप्तान उतरला तेव्हा त्याच्याबरोबर वीस शिपाई, मिर्झा आणि नवा कागद होता.

"पांढरं निशाण वेळेवर लावलंत," मिर्झा हळूच म्हणाला. "शहाणपण केलंत. कप्तान खूश आहेत."

"ते त्याच्यासाठी नाही. माझ्या भावासाठी आहे. तुला कळतं ते."

मिर्झाने वर बघितलं आणि नजर खाली घेतली. "कळतं, बाई. पण मला जे करायला पाठवलंय ते करावं लागतं. तह नव्याने करायचाय. शेखची मोहर लागेल. त्याशिवाय मुंबईत कागद चालत नाही."

वदहाने अबायाची कड उचलून दाखवली. मिर्झा दोन पावलं मागे सरला.

"अंगठी बोटातच होती," ती म्हणाली. "हात सापडत नाही. तूच म्हणाला होतास ना, हातासकट तुमचे? मग शोधा, आणि दाबा कागदावर."

कप्तानाच्या हुकमावरून शिपाई संध्याकाळपर्यंत गढीचे दगड उपसत राहिले. टेकडीपलीकडून बायका परत आल्या आणि रांगेने उभ्या राहून बघत होत्या. वदहा भावाच्या उशाशी बसून होती. हात केव्हाच दुऐजच्या कबरीत गेला होता, त्याच्या छातीवर, अंगठीसकट.