कौल बिघडवणारं फूल

मी बोलतंय, हरिश्चंद्र आणि सुभद्रेच्या मधल्या दगडी गडग्यातलं पिवळं रानफूल. आहे शेवंतीच्याच कुळातलं, पण शेवंती वेणीत बसते, देवाला जाते. मला साधं नावसुद्धा कुणी ठेवलं नाही.

मालवणजवळ समुद्रालगतच्या एका वाळवटीत, वाळूच्या पट्ट्यात, आम्ही शंभरेक होतो. दुसरीकडे कुठेच नाही. नेमकं त्याच वाळवटीवरून या दीर-भावजयीचं जुंपलं. दोघांचीही माडांची भाटं तिला लागून, आणि माघार कुणालाच ठाऊक नाही. शेवटी छप्पन साली दोघं देवळात कौल लावायला गेली.

गुरव बाबली म्हणाला, "ज्या जमनीचो वाद, त्याच जमनीचां फूल लावया." हौस मेल्याला! देवाच्या पाषाणावर दोन्हीकडे ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर जमीन हरिश्चंद्राची, डावी पडली तर सुभद्रेची. आता आमची पाकळी सुकली की लगेच आखडते, त्याला आम्ही काय करणार? दोन्ही एकदमच गळल्या.

बाबलीने खापर आमच्यावर फोडलं. "ह्यां फूल देवाक मान्य नाय." झालं! वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोघं त्या दिवशी एक झाली आणि त्यांनी आम्हाला मुळासकट उपटून जाळलं. आठवलं की अजून संताप होतो.

मग जमीन अर्धी-अर्धी करून मधे चिऱ्यांचा गडगा घातला. त्याच्या फटीत एक मूळ राहिलं होतं, ते मी.

"वयनी, ता तुमच्या बाजूचां. तुमीच उपटा," हरिश्चंद्र म्हणाला.

"डोळे फुटले तुझे? मूळ तुझ्या भाटात आसा," सुभद्रेनं सुनावलं.

सहा वर्षं हेच चाललंय. दर कार्तिकात मी फुलतं, ती भांडतात, आणि भांडता भांडता उपटायचं राहून जातं.

पण आता हरिश्चंद्राच्या मुलीचं, तुळसाचं लग्न ठरलंय. घरात वडीलधारी बाई हवी, म्हणून तो काल वहिनीच्या पाया पडला. दोघंही रडली. उद्या गडगा पाडून एकच मांडव घालणार आहेत. म्हणजे मी गेलंच.

वाचकहो, मला पाणी नको, कुंपण नको. या दोघांत कुणीतरी काडी टाका हो. आत्ताच सुभद्रेनं विचारलंय, "मांडवाचां तोंड कोणाच्या खळ्याकडे?" तिच्या अंगणाकडे की आपल्या, हरिश्चंद्र डोकं खाजवतोय.

बोल रे बाबा, काहीतरी वाकडं बोल.