जीपसाठी कानस

धुळा गेल्यावर त्याची वडापाची जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभीच राहिली. दिघंची ते म्हसवड, वर्षानुवर्षं तिनं माणसं वाहिली होती. बाजाराची, लग्नाची, कधी दवाखान्याची. आता तिच्या टपावर कोंबड्या बसत. धुळाचा धाकटा भाऊ भाऊसो एकदा भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा धुळाच्या बायकोनं, अर्जुनानं, दोघांनाही चहा दिला आणि सांगितलं, "गाडी द्यायची न्हाई." का, ते तिनं सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघून कुणी विचारलंही नाही.

मायानं मात्र आपल्या मनानं अर्थ काढला. ती त्यांची एकुलती लेक. आयटीआय करून कुपवाडच्या एका कारखान्यात पत्र्याच्या कामावर होती, माधवनगरला खोली घेऊन राहायची. आईला गाडी ठेवायची आहे ना, मग ती नीट करून ठेवू, असं तिनं ठरवलं. सुट्टीला गावी यायची, जुने कपडे चढवायची आणि शेडमध्ये शिरायची. सीटा निघाल्या. कुजलेला फूटबोर्ड कापून नवा बसला. अर्जुना लांबून बघायची, मध्ये बोलायची नाही.

घोळ झाला तो ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबापाशी. खांब तळाला जिथं मिळतो तो कोपरा गंजानं भरला होता. तिथं धुळानं कधीकाळी स्वतःच्या हातानं ठिगळ लावलं होतं, गॅसवर पितळ वितळवून जोडलेलं. मायानं कारखान्यातून मागून आणलेला ग्राइंडर त्या कोपऱ्यात घातला. चकती मोठी, जागा अरुंद. ती तिरकी घालायला गेली आणि चकतीनं ठिगळाचा पत्रा कागदासारखा फाडला.

आवाज बदलला तशी अर्जुना धावत आली. तिनं भोकावरून तळहात फिरवला.

"त्येच्या हातचं हुतं ते," ती म्हणाली.

"आये, चकती आत मावत न्हाई गं. सटकली."

अर्जुनानं बोर्डातली पिन ओढून काढली. "बास आता. ऱ्हाऊ दे हाय तसं."

त्यानंतर फोनवर बोलणं उरलं ते जेवलीस का, जेवले, ठेव, एवढंच. मायाला कारखान्यात हात चालवताना तो कोपरा दिसायचा. कामात चूक होणं तिला नवीन नव्हतं, पण ही चूक नवा पत्रा लावून भरून निघणारी नव्हती. शेवटी तिनं ठरवलं, कोपऱ्यात शिरणारं यंत्र घ्यायचं. पॉवर फाईल म्हणतात ते, विजेवर चालणारी कानसच. पुढं बोटाएवढा दांडा आणि त्याच्यावर फिरणारा खरखरीत पट्टा.

ज्या सुट्टीच्या सकाळी ती बाजारात निघाली, नेमकी त्याच सकाळी अर्जुना भाकरीचं गठुडं घेऊन खोलीच्या दारात उभी.

"कुटं निगालीस?"

मायानं खोटं सांगितलं नाही. "मशीन घ्यायला. आपल्या गाडीसाठी."

अर्जुनानं गठुडं आत ठेवून पदर सारखा केला. "चल. काय घेतीस ते मला बघू दे."

सांगलीच्या बाजारात धैर्यशीलचं हत्यारांचं दुकान होतं. कारखान्याच्या खरेदीमुळं तो मायाला ओळखायचा. त्यानं एकेक यंत्र काउंटरवर मांडलं. एक हवेवर चालणारं, पण त्याला कॉम्प्रेसर लागणार. एक बॅटरीचं, मात्र बॅटरी लावली की मनगटाला जड. एक वायरीचं, वेग कमी-जास्त करायचा खटका असलेलं. आणि एक नुसता पट्ट्याचा दांडा, ग्राइंडरवरच बसवायचा.

"ग्राइंडर तर मिळतोयच तुम्हाला," धैर्यशील म्हणाला. "मग हेच न्या की. काम तेच."

त्यानं दांडा ग्राइंडरला जोडला आणि पकडीत पत्र्याचा एक तुकडा आवळला. माया हात पुढं करणार, तेवढ्यात अर्जुना म्हणाली, "मला दे."

"काकू, जपून. लागंल हाताला."

"लागू दे."

मायानं तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि दोन्ही हात कुठं धरायचे ते दाखवलं. खटका दाबला. पट्टा पत्र्याला टेकला न टेकला तोच ठिणग्या उडाल्या, पत्रा निळा पडला आणि मधोमध भोक पडलं. अर्जुनानं घाबरून हात वर घेतला.

"मी तर दाबलं बी न्हाई," ती म्हणाली.

ती त्या भोकाकडं बघत राहिली.

"तुजं बी असंच झालं व्हय?"

मायानं मान डोलावली.

"मला वाटलं, तुला घाई झाली," अर्जुना हळू म्हणाली. "बापाचं पुसून सगळं नवं करायची."

"न्हाई गं आये."

मायानं वायरीचं यंत्र उचललं, खटका सगळ्यात कमी वेगावर ठेवला आणि दुसऱ्या तुकड्यावर टेकवलं. पट्टा हळू फिरला. रंग सोलवटून निघाला, पत्रा हाताला कोमटच लागला. "ह्येच पायजे," ती म्हणाली.

"पण तुमच्याकडं लाईट सारखी जाते म्हणता," धैर्यशीलनं आठवण करून दिली. "बॅटरीचं बरं पडलं असतं."

"गेली तर बसून ऱ्हाऊ," अर्जुना म्हणाली. "आमाला कुटं जायचंय?"

दोघी त्याच दिवशी एसटीनं गावी निघाल्या. यंत्राचा खोका अर्जुनाच्या मांडीवर होता. खिडकीबाहेर बघता बघता ती आपणहून बोलू लागली.

"मिरजंच्या दवाखान्यात तुजा बाप मला म्हणाला हुता, गाडी इकून टाक, तुला वज्जं नको."

माया चमकली. "मग का न्हाई इकलीस?"

"खाटंवर पडला हुता त्यो मला तुजा बाप वाटतच न्हवता. गाडी इकली असती तर त्यो खाटंवरचाच तेवढा डोळ्याम्होरं ऱ्हायला असता, गाडी चालवणारा न्हाई."

मायानं आईचा हात धरला. तो खोक्याच्या दोरीवर घट्ट आवळलेला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्याचं काम सुरू झालं. लाईट जायची, दोघी फूटबोर्डवर बसायच्या. आली की पुन्हा पट्टा फिरायचा. गंजाखालून धुळाचा पितळी सांधा पिवळाधमक वर आला. मायानं तो तसाच ठेवला. भोकापुरतंच छोटं ठिगळ तिनं आतल्या बाजूनं जोडलं. शेवटची कड अर्जुनानं घासली, मायाचा हात तिच्या हातावर होता.

पुढच्या सुट्ट्यांत रंग झाला. इंजिनाचं भाऊसोनं म्हसवडच्या मेस्त्रीला बोलावून बघितलं, भंगारवाल्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. गाडी पहिल्यांदा बाहेर काढली ती मायानं. अर्जुना तिच्या शेजारी बसली, खांबाकडं तोंड करून. म्हसवडच्या रस्त्याला लागल्यावर ती रडायला लागली, मोठ्यानं, धुळा गेला त्या दिवशीही रडली नव्हती तशी. माया गाडी चालवत राहिली. आईनं थांब म्हटलं नव्हतं.