एक जूनचा जन्म

पद्माकरराव एकतीस वर्षं तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत होते, आणि शेवटी मत बाद झालं ते त्यांचंच. झालं म्हणजे, तसा कागद अजून हातात आलेला नव्हता. पण नियम त्यांना पाठ होता आणि नियमाप्रमाणे ते बाद होणारच होतं. हे फक्त त्यांनाच माहीत होतं. सिंगापुरात सेम्बावांगच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समोर लॅपटॉप उघडून बसलेल्या गार्गीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, माहीत नव्हतं. आणि इंग्लंडात त्या वेळी मोजणीच्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या सौमित्रला, म्हणजे त्यांच्या मुलाला, तर मुळीच नाही. उमेदवार सौमित्र होता.

तारीख चार मे २०१८, शुक्रवार, सकाळचे नऊ. तिकडे रात्रीचे दोन. ब्रॅमिंगफर्ड नावाच्या बरोच्या कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची, निवडणूक आदल्या दिवशी झाली होती आणि एकेका वॉर्डाचा निकाल लागत होता. सौमित्र तिथे चौदा वर्षं राहतो, पासपोर्टही तिथलाच. वॉर्डातून जाणारी एकुलती एक बस कौन्सिलने बंद केली, याची पत्रं लिहून लिहून तो दमला आणि एक दिवस रागाच्या भरात अपक्ष म्हणून अर्ज भरून आला. घरात कोणी सरपंचसुद्धा झालेलं नाही. पण रागाचा अर्ज आणि हौसेचा अर्ज कचेरीत सारखाच घेतात, हे पद्माकररावांना ठाऊक होतं.

पद्माकररावांचा पासपोर्ट भारताचा, तरी त्यांना तिथे मत. नऊ वर्षांपूर्वी ते मुलाकडे कायमचे राहायला गेले तेव्हा कळलं, की कॉमनवेल्थमधला माणूस तिथे राहत असेल तर तो मत देऊ शकतो. इंग्रजाने आपल्याकडून काय काय नेलं, पण हे एवढं देऊन ठेवलंय बघा, असं ते भेटेल त्याला सांगत. दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे सिंगापूरला यायचं ठरलेलं, म्हणून त्यांनी या वेळी टपालाने मत द्यायचं ठरवलं. त्याचा अर्ज फेब्रुवारीत सौमित्रने भरला, पासपोर्ट समोर ठेवून. जन्मतारीख, एक जून १९४३.

आता ही एक जूनची भानगड. त्या पिढीत महाराष्ट्रातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत, निदान कागदावर तरी. आई म्हणायची, आंबे उतरत होते तेव्हाचा तू. मास्तर म्हणायचे, आंब्याचं राहू द्या, तारीख सांगा. तारीख कोणाच्या लक्षात असणार! मग मास्तर एक जून ठोकून मोकळे. पद्माकररावांच्या बापाने खरी तारीख टिपून ठेवली होती, अठरा एप्रिल, पण शाळेत नाव घालायला गेला चुलता, आणि त्याने वहीच नेली नाही. तेव्हापासून नोकरीत, पेन्शनीत, पासपोर्टात एक जून, आणि घरात ओवाळायला अठरा एप्रिल. पंचाहत्तर वर्षं दोन्ही तारखा बिनबोभाट नांदल्या.

या अठरा एप्रिलला अमृतमहोत्सव झाला. सुनेने, मधुवंतीने, हॉल घेतला, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण केलं, केकवर मराठी आकड्यांत तारीख घालून आणली. पद्माकररावांनी भाषण केलं, डोळे पुसले आणि दोनदा श्रीखंड घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाने मतपत्रिका आली. सोबत एक फॉर्म. सही करा, जन्मतारीख लिहा. सही आणि तारीख अर्जातल्याशी जुळली तरच मत मोजायला घेणार, नाहीतर ते पाकीट बाजूला. फॉर्मवर लिहिलं होतं, दिलेली माहिती खरी असावी. खरी! पद्माकररावांनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर आपली खरी जन्मतारीख लिहिली. अठरा, चार, त्रेचाळीस. वर अक्षरही छान आलं म्हणून खूश झाले. पाकीट चिकटवून स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

चूक कळली ती विमानात. सिंगापूर यायला तासभर होता आणि उतरण्याआधीचं ते पांढरं कार्ड भरायला दिलं होतं. पासपोर्ट उघडा ठेवून ते एकेक रकाना उतरवत होते. एक जून, असं लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. अरे देवा! हे मोठ्यानेच निघालं. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. ते म्हणाले, नाही, बरंय.

एकदा पेटीत पडलेलं पाकीट परत मिळत नाही. हे त्यांनी स्वतः किती जणांना सांगितलं असेल! कागदी मतपत्रिकांच्या काळात दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का पडला की ते मत उचलून बादच्या गठ्ठ्यात टाकत आणि उमेदवाराच्या माणसाने कितीही आरडाओरडा केला तरी मान वर करत नसत. त्यांच्या गठ्ठ्याला कधी कोणी आव्हान दिलं नाही, हा त्यांचा अभिमान. आणि आता? लोका सांगे ब्रह्मज्ञान!

सौमित्रला त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. फोन केलाही. सौमित्र घाईत होता, म्हणाला, “बाबा, दारोदार फिरतोय, तुमची फार आठवण येते. तुम्ही सांगितलं तसं प्रत्येक म्हाताऱ्याला बजावतोय, तारीख नीट लिहा, सही नीट करा.” पद्माकरराव म्हणाले, “छान, छान. पाणी पीत जा.” पुढे आणखी दोनदा सांगायचं म्हणून फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवला. मुलासमोर खजील व्हायला त्यांना जमेना, एवढंच त्यातलं खरं. मग मनाची समजूत, की एका मताने काय आभाळ कोसळतंय? पडला तर शंभरने पडेल, आला तर शंभरने येईल. तिकडून बादचं पत्र यायचं तेव्हा येईल, तोवर सगळे विसरलेले असतील. झाकली मूठ.

“बाबा, अजून आपला वॉर्ड नाही आला,” गार्गी म्हणाली. ती शुक्रवारी घरूनच काम करायची. अर्ध्या पडद्यावर ऑफिसची मीटिंग, अर्ध्यावर ब्रॅमिंगफर्डचा नकाशा. वॉर्ड एकेक करून रंगत चालले होते. सौमित्रचा चर्च लेन वॉर्ड पांढराच.

“लहान वॉर्ड आहे. लहान वॉर्डाला वेळ लागला, तर समजायचं चुरस आहे.”

“तुम्ही मला घाबरवू नका हं.”

“मी कुठे घाबरवतोय? अनुभव सांगतोय.”

दहा वाजता सौमित्रचा मेसेज आला. चांगलं चाललंय, तीस-चाळीसने पुढे. गार्गीने मीटिंगमध्येच टाळी वाजवली आणि मग माइक बंद आहे ना ते बघितलं. पद्माकररावांच्या जिवावरचं ओझं चाळीस मतांनी हलकं झालं. ते खाली उतरले, ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवर, बिनसाखरेची कॉफी घेतली आणि चक्क उपीटवाल्या तमिळ माणसाशी इडलीवर दहा मिनिटं वाद घातला. इतके दिवस त्यांना असं सुचलं नव्हतं. परत येताना लिफ्टमध्ये टाउन कौन्सिलची नोटीस लावलेली दिसली, पाण्याच्या टाक्या धुणार असल्याची. त्यांनी ती सवयीने पूर्ण वाचली, तारीख-वेळेसह.

घरात पाऊल टाकलं तर गार्गीचा चेहरा उतरलेला.

“चार मतांचा फरक म्हणतोय. फेरमोजणी मागितली समोरच्या उमेदवाराने.”

“कोण पुढे?”

“दादा. चारने.”

पद्माकरराव खुर्चीत बसले. चारने म्हणजे अजून तीन मतांची जागा आहे, असं त्यांनी मनात म्हटलं आणि स्वतःचीच शरम वाटली. मुलाच्या निवडणुकीत ते मुलाच्या विजयाची मतं मोजत नव्हते, आपली चूक झाकायला किती पुरतील ते मोजत होते. जेवायला बसले. गार्गीने वरण-भात वाढला, तो चिवडत राहिले. पावणेबारा झाले. साडेबारा झाले. नकाशावर चर्च लेन तेवढा पांढरा उरला. वेबसाइटवर बाकी सगळ्या वॉर्डांचे विजेते, त्यांची मतं, टक्केवारी, सगळं आलं होतं.

“दुसरी फेरमोजणी,” गार्गीने मेसेज वाचला. “असं किती वेळा करतात हो?”

“समाधान होईपर्यंत.”

“आणि नाहीच झालं, सारखीच निघाली तर?”

“चिठ्ठी,” पद्माकरराव म्हणाले. “तिकडेही चिठ्ठीच. आपण त्यांच्याकडूनच शिकलो.”

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. गार्गीने स्पीकर लावून टेबलावर ठेवला. तिकडे पहाट झाली असणार. मागे खुर्च्या आपटल्याचे आवाज येत होते.

“बाबा, पडलो,” सौमित्र म्हणाला. आवाज हसरा होता, पण तो हसरा ठेवलेला होता. “सहाशे बारा, सहाशे बारा. तीनदा मोजली. मग साहेबाने दोन कागद घड्या घालून डब्यात टाकले आणि एक काढला. त्याचा निघाला.”

“अरेरे! दादा!” गार्गी म्हणाली.

“चालायचंच गं. अपक्ष माणसाला सहाशे बारा म्हणजे कमी नाही. इथे सगळे पाठ थोपटतायत.” मग तो थांबला. “बाबा, एक सांगू? तुमचं मत नसतं तर मी सरळ एका मताने पडलो असतो. चिठ्ठीपर्यंत तरी आलो ते तुमच्यामुळे. मी आत्ता सगळ्यांना तेच सांगितलं, माझ्या बाबांचं मत सिंगापूरला जाण्याआधी पेटीत पडलं म्हणून मी इथपर्यंत आलो. टाळ्या वाजवल्या लोकांनी तुमच्यासाठी.”

पद्माकररावांचा हात टेबलाच्या कडेवर होता. असं म्हण की हो बाळा, आणि विषय संपव, असं आतून कोणीतरी म्हणत होतं. पत्र येईल तेव्हा येईल. पण त्या टाळ्या त्यांना गिळवेनात.

“सौमित्र, माझं मत मोजलंच नाही.”

“म्हणजे?”

“मी तारीख चुकीची लिहिली. म्हणजे खरी लिहिली. अठरा एप्रिल. ते जुळणार नाही. बाद झालंय ते.”

फोनमध्ये खुर्च्यांचा आवाज चालू होता. गार्गी त्यांच्याकडे बघत राहिली. सहाशे बारा अधिक एक किती होतात, हे कोणालाच मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

“नक्की बाद?” सौमित्रने विचारलं.

“मी सांगतोय ना. नक्की.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“विमानात. बावीस तारखेला.”

“म्हणजे अकरा दिवस झाले मतदानापर्यंत.”

“हो.”

“आपण तीनदा बोललो असू तेवढ्यात.”

“हो रे. लाज वाटली मला. वाटलं, एका मताने काय होतंय.”

सौमित्र मग जे बोलला ते अगदी सावकाश, न रागावता बोलला, आणि त्यामुळेच पद्माकररावांना ते ऐकवेना.

“बाबा, चुकलात त्याचं काही नाही. माझ्या हातून पण झालं असतं. पण काल संध्याकाळी मी साडेआठला घरी गेलो. पायाला फोड आले होते. दहापर्यंत मतदान होतं. मिल क्लोज नावाची एक गल्ली राहिली होती, बारा घरं. मधुवंती म्हणाली, जाऊन ये. मी म्हटलं, जाऊ दे, घरची तीन मतं पक्की आहेत, पुरेल.” त्याने श्वास घेतला. “दोनच आहेत हे कळलं असतं ना, तर मी गेलो असतो.”

“सौमित्र—”

“हॉल रिकामा करायला सांगतायत. ठेवतो. जेवलात ना तुम्ही?”

“जेवलो.”

फोन बंद झाला. गार्गीने लॅपटॉप मिटला. ती उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवावा की नाही असं करत, आणि शेवटी पाण्याचा ग्लास आणून पुढे ठेवला. पद्माकररावांना पाणी नको होतं. आपण त्याला हरवलं, हे त्यांना सरळसरळ कळलं होतं. तारखेने हरवलं असतं तर दोष मास्तरांवर, चुलत्यावर, नियमावर, कोणावरही घालता आला असता. अकरा दिवस मात्र त्यांचे एकट्याचे होते.

दोनच्या सुमाराला दार उघडलं आणि दहा वर्षांची इरा, गार्गीची मुलगी, शाळेतून आली. दप्तर सोफ्यावर, बूट दारात, आणि पहिला प्रश्न.

“आजोबा, मामा विन ऑर नॉट?”

“नाही जिंकला.”

“अय्यो! बाय हाउ मेनी?”

“दोघांना सारखीच मतं पडली.”

“सेम सेम, देन हाउ कॅन लूज?”

“अगं, चिठ्ठी काढली त्यांनी,” गार्गी घाईघाईने मध्ये पडली. “दुसऱ्याची निघाली. नशीब म्हणायचं, दुसरं काय.”

“नशिबावर ढकलू नकोस, गार्गी,” पद्माकरराव म्हणाले. मग त्यांनी नातीकडे पाहिलं. “मी गप्प बसलो, म्हणून हरला.”